कालच तर पाहिला ना?

काही प्रश्न उत्तर मिळावं म्हणून विचारलेलेच नसतात. 'एवढ्यात निघालात?' हा त्यातला एक. 'अजून भाड्याच्याच घरात का?' हा दुसरा. पण या साऱ्या प्रश्नांचा मुकादम म्हणजे 'कालच तर पाहिला ना?' हा प्रश्न. विचारणारा कंबरेवर हात ठेवून विचारतो, आणि ज्याला विचारला जातो तो हातातली पिशवी पाठीमागं लपवतो.

मी गेली पन्नास वर्षं रोज सकाळी चहा पितो. 'कालच तर प्यालात ना?' असं मला कुणी म्हटलेलं नाही. आमच्या शेजारचे वकीलसाहेब रोज पहाटे सिद्धेश्वराच्या दर्शनाला जातात. 'कालच तर दर्शन झालं, रात्रीतून देवात काही फरक पडला का?' असं विचारायची लातुरात कुणाची छाती नाही. पण काल ऐकलेलं गाणं आज पुन्हा ऐकायला माणूस निघाला, की सारं घर उंबऱ्यात आडवं येतं.

या प्रश्नाविरुद्ध मी चाळीस वर्षं काही बोललो नाही. आज बोलणार आहे. निवृत्त झालोय, बढती अडायची नाही, मुलीचं लग्न झालंय. आता भिऊन कुणाला?

निमित्त झालं भाच्याचं. पुण्याला कसल्याशा कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो. २०२५ च्या जानेवारीत कोल्डप्ले नावाच्या विलायती बँडचे नवी मुंबईत, डी. वाय. पाटील स्टेडियमवर तीन कार्यक्रम झाले. १८, १९ आणि २१ तारखेला. पोरगा तिन्ही रात्री गेला. तिकिटं अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत होती. त्यानं घेतली ती अडीच हजाराच्या जवळपासचीच, पण तीनदा घेतली, आणि मधल्या २० तारखेला कुठं गावाकडं न येता तिथंच मित्राच्या खोलीवर पडून राहिला. ही बातमी नांदेडला पोचली आणि आमची धाकटी बहीण नवऱ्याला आणि पोराला घेऊन थेट लातुरात माझ्या दारात.

"दादा, आता तूच समजाव ह्याला. आमचं तर ऐकंनाच झालाय. तीन राती! एकच बँड, तीच माणसं, तीच गाणी. कामून जायचं म्हणते मी?"

"लै शिकलेला आहे की तो," मी म्हणालो.

"म्हणूनच म्हणलालेय. पैशाचं राहू दे बाजूला. पण हा काय तमाशा लावलाय पोरानं!"

'तमाशा' हा शब्द ऐकून माझा चहा बशीत सांडला. त्याचं कारण पुढं येईल.

मेहुणे गंभीर चेहऱ्यानं बसले होते. आमचे मेहुणे सरकारी खात्यात इंजिनियर होते. पूल बांधून बांधून त्यांच्या बोलण्यातही दर दोन वाक्यांनंतर एक खांब येतो. "दादा, प्रश्न पैशाचा नाही. (खांब.) एकदा ऐकणं ही रसिकता. (खांब.) तीनदा ऐकणं हा विकार."

आता हे मेहुणे काय करतात ते सांगतो. दर डिसेंबरात नांदेडहून पुण्याला जाऊन सवाई गंधर्व महोत्सवात बसतात. सगळे दिवस. सीझन तिकीट काढून, सोबत उशी, शाल, थर्मास आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. परत आले की महिनाभर माणसाशी नीट बोलत नाहीत, नुसते 'वा' म्हणतात. चांगली गोष्ट आहे. भीमसेन जोशींनी १९५३ साली आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ हा उत्सव सुरू केला. त्याला जाणाऱ्या माणसाला मी नावं ठेवणार नाही. पण मी हळूच विचारलं, "पाव्हणे, यंदा यमन झाला का?"

"झाला की! काय यमन झाला म्हणता!"

"मागच्या वर्षी?"

"मागच्या वर्षीही झाला."

"मग यमन तर ऐकलेला होता ना?"

मेहुण्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू त्यांच्या पुलाखालून मी वाळू काढतोय. "दादा, राग तोच असला तरी गाणं तेच नसतं."

म्हटलं, हे वाक्य लिहून ठेवू या, लागणार आहे. आणि एवढ्यावर थांबलो नाही. सवाईचा शेवट दरवर्षी कशानं होतो? सवाई गंधर्वांच्या आवाजातल्या भैरवीच्या जुन्या ध्वनिमुद्रणानं. आता ध्वनिमुद्रण म्हणजे तर त्यातला श्वाससुद्धा दरवर्षी तोच. तरी हजारो माणसं उठून न जाता डोळे मिटून ऐकतात, आणि मेहुण्यांच्या डोळ्यांतून पाणी येतं. मी पाहिलंय. तेव्हा त्यांना कुणी 'विकार' म्हणत नाही. विकार म्हणजे दुसऱ्याच्या पोरानं ऐकलेलं गाणं, असा आपल्या समाजाचा वैद्यकीय निष्कर्ष आहे.

आणि ही खोड फक्त गाण्यापुरतीच नाही. पुण्याच्या विजयानंद टॉकीजला 'सांगत्ये ऐका' हा १९५९ चा सिनेमा १३१ आठवडे चालला. पुण्यात तेव्हा एवढी वेगवेगळी माणसं होती का? तीच माणसं पुन्हा पुन्हा गेली म्हणून तो चालला. 'विच्छा माझी पुरी करा' १९६५ साली आलं. दादा कोंडके काल काय म्हणाले आणि आज काय म्हणतायत हे पाहायला लोक परत परत जायचे. ती सगळी आपल्याच घरातली सभ्य माणसं होती. फरक एवढाच की त्यांचे भाचे तेव्हा जन्मले नव्हते.

मग मी भाच्याकडं वळलो. समजावण्याच्या सुरात म्हणालो, "बाळा, तिन्ही रात्री वेगळं काय होतं रे?"

भाचा सांगायला लागला. तिथं प्रत्येकाच्या मनगटात एक पट्टी बांधतात, ती गाण्याबरोबर उजळते, सगळं स्टेडियम एकदम निळं नि एकदम पिवळं होतं, आणि निघताना ती परत द्यायची असते. हे मला फारसं पटलं नाही. ते दिवाळीत आमच्या गल्लीतही होतं. गाणीही बरीचशी तीच होती हे त्यानं प्रामाणिकपणे कबूल केलं. मग म्हणाला, "पण मामा, बोलणं! क्रिस मार्टिननं आधी स्टेजवरून बुमराहची थट्टा केली. की आता आम्हाला आवरतं घ्यावं लागणार, मागं जसप्रीत बुमराह थांबलाय, त्याला खेळायचंय. लोक वेडे झाले. आणि २१ तारखेला म्हणाला, बुमराहच्या वकिलाचं पत्र आलंय, आणि ते तोंड पाडून वाचून दाखवलं. आता जो फक्त २१ लाच आला, त्याला त्यातलं निम्मंच कळलं."

"अरे, ही तर बतावणी!" मी म्हणालो.

"काय?"

"काही नाही. पुढं सांग."

"अमेरिकेत तर मामा ह्याच्याही पुढं होतं. ग्रेटफुल डेड नावाचा बँड होता, १९६५ पासून १९९५ पर्यंत. लोक गाड्या घेऊन गावोगाव त्यांच्या मागं फिरायचे. रोज काय वाजवलं ते वहीत लिहायचे. बँड त्यांना टेप करू द्यायचा, १९८४ पासून तर टेपवाल्यांना वेगळी जागाच होती बसायला. आणि फिश म्हणून दुसरा बँड आहे, त्यांनी २०१७ साली न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तेरा रात्री कार्यक्रम केले. तेरा रात्रींत एक गाणं परत वाजवलं नाही! प्रत्येक रात्रीला एकेका डोनटच्या चवीचं नाव."

"त्यात काय मोठं," माझ्या तोंडून निघून गेलं. "फडाचा वग रोज वेगळाच असतोय की."

खोलीत शांतता पसरली. बहीण बघतेय, मेहुणे बघतायत, आणि स्वयंपाकघरातून आमची मंडळी पदराला हात पुसत बाहेर आली आणि दारातच थांबली.

"मामा," भाचा म्हणाला, "तुम्हाला कसं माहीत?"

तर आता सांगतोच.

नांदेड-लातूर रस्त्यावर लोह्याच्या आणि अहमदपूरच्या मधे माळेगाव आहे. तिथं खंडोबाची यात्रा भरते, मार्गशीर्षातल्या अमावास्येच्या सुमारास. पालखी, भंडारा, वाघ्या-मुरळी, येळकोटाचा गजर, कुस्त्या, घोड्यांचा बाजार, गाढवांचा बाजार, लाल कंधारी नि देवणी जनावरं, आणि रात्री तमाशाचे तंबू. आता खंडोबाची कृपा अशी, की ह्याच अमावास्येला आमच्या लातूरकडं येळवस असते. येळवशीला लातूर शहरात कुत्रंसुद्धा सापडत नाही. दुकानं बंद, रस्ते ओस, सगळी माणसं शेतात. कडब्याच्या कोपीत पूजा, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. आमचं शेत अहमदपूरकडं. म्हणजे येळवशीला सहकुटुंब शेतात पोचायचं, दुपारी भज्जी हाणायची, आणि संध्याकाळी आळस देत म्हणायचं, "आलोच आहे तर माळेगावात बैल बघून येतो."

मी चार वर्षं बैल बघत होतो. बँकेत दिवसभर दुसऱ्यांच्या पैशाचे आकडे लिहिणारा माणूस, बैलाच्या दातांत आणि जमाखर्चात मला फरक कळत नाही. पण दर येळवशीला तीन-तीन, चार-चार रात्री मी बैल बघे. गावात बोलवा उठली की ह्याच्या पसंतीला एकही बैल उतरत नाही, पोरीचं स्थळ हा कसा बघणार.

१९८७ च्या डिसेंबरातली गोष्ट. पहिल्या रात्री तंबूत शिरलो. डोक्याला मफलर, त्यावर घोंगडं, फक्त डोळे उघडे. बँकेचा एखादा खातेदार भेटला तर ओळखू नये म्हणून. दुसऱ्या रात्री तोच तंबू, तोच फड. तिसऱ्या रात्री तिकीट काढून आत जातोय तोच शेजारून आवाज आला, "जावईबापू, आज जरा पुढं बसा. ढोलकी मागं नीट ऐकू येत नाही."

आमचे सासरे! नांदेडच्या शाळेतले गणिताचे मास्तर. ज्यांच्यासमोर मी लग्नात उखाणा घ्यायलाही घाबरलो, ते सासरे घोंगड्यातून फक्त चष्मा बाहेर काढून उभे. घरी सांगून आले होते की लोह्याला पतपेढीची बैठक आहे. तिन्ही रात्री बैठकच चालू होती.

"मामा, तुम्ही इथं?"

"पहिल्या रात्रीपासून आहे. तुम्हीही होता. उजवीकडं, चौथ्या खांबाशी. मी बोललो नाही. म्हटलं, कशाला अडचणीत आणा."

मास्तरांकडं एक चाळीसपानी वही होती. त्यात त्यांनी रकाने आखलेले. तारीख, गण किती वाजता उभा राहिला, गवळण, बतावणी, वगाचं नाव, ढोलकी, सोंगाड्या, आणि शेरा. आणि रकान्यांत चक्क मार्क. ढोलकी ९१. सोंगाड्या ७८. मावशी ६०, 'पाठांतर बरे, उत्स्फूर्तता कमी'. एका वगापुढं लिहिलं होतं, 'नापास. पुरवणी परीक्षेस पात्र'. भाचा त्या अमेरिकेतल्या वह्यांचं कौतुक सांगत होता तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं ही वही होती.

त्या फडातला सोंगाड्या असामी माणूस होता. किडकिडीत, एक डोळा बारीक करून बोलायचा. बतावणीत सरदार त्याला विचारी, "तू जन्मलास कधी रे?" आणि तो म्हणे, "मी जन्मलो तवा आईनं माझं तोंड बघितलं आन् सुईणीला म्हणाली, बाई, परत ठेवता येतंय का बघा." तंबू कोसळायचा. पहिल्या रात्री कोसळला. दुसऱ्या रात्री तेच वाक्य, पण 'बाई'च्या नंतर त्यानं असा काही दम धरला, की लोक आधी हसले आणि वाक्य मागाहून आलं. मास्तरांनी ७८ वरून ८४ केले.

तिसऱ्या रात्री मी आणि मास्तर शेजारी शेजारी, ते वाक्य कधी येतं म्हणून पुढं सरकून बसलेलो. सरदारानं सवयीनं विचारलं, "तू जन्मलास कधी रे?"

सोंगाड्या थांबला. एक डोळा बारीक केला, मग दुसराही मिटला. ढोलकीवाल्यानं त्याच्याकडं पाहिलं. आणि तो म्हणाला, "आठवत न्हाई, सरदार. लहान होतो तवा."

लोक हसले. हसायचंच, विनोद चांगला होता. ढोलकीवाल्यानं लगेच एक बोल असा खणखणीत टाकला की खेळ पुढं निघाला, आणि त्या रात्री पहिल्यांदा आलेल्या शेकडो माणसांना काही म्हणता काही कळलं नाही. मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. मी मास्तरांकडं. दोघांनाही कळलं की काहीतरी झालंय. काय ते कळलं नाही.

सकाळी चहाच्या टपरीवर फडातला एक झीलकरी भेटला. सोंगाड्याची आई वारली होती. संध्याकाळी निरोप आला, तेव्हा तंबूची तिकिटं विकून झाली होती. तो रात्रभर खेळ करून पहाटेच्या एस.टी.नं गावी गेला.

मास्तरांच्या वहीत त्या रात्रीच्या सोंगाड्याच्या रकान्यात काही लिहिलेलं नाही. मास्तर जाऊन आता बरीच वर्षं झाली. वही माझ्या कपाटात, बँकेच्या जुन्या पासबुकांच्या खाली आहे. तो रकाना कोराच आहे.

आता मला सांगा, त्या रात्री तंबूत खेळ पाहिला कुणी? एक रात्र येऊन, पोट धरून हसून, 'छान होता बुवा' म्हणत घरी गेलेल्यांनी, की तेच ते पाहायला तिसऱ्यांदा आलेल्या आम्हा दोन खुळ्यांनी? जे गाळलं ते दिसायला जे होतं ते आधी माहीत असावं लागतं. एकदाच येणाऱ्याला कार्यक्रम दिसतो. माणूस दिसायला दुसऱ्यांदा यावं लागतं. मेहुण्यांना हे यमनाच्या बाबतीत पटतं. राग तोच असला तरी गाणं तेच नसतं! मग बतावणी तीच असली तरी सोंगाड्या तोच कसा असेल?

इथवर मेहुणे ऐकून घेतात. मग म्हणतात, "अहो, पण ते सवाई आणि हा तमाशा!" आणि खरं भांडण इथं आहे.

आपल्याला लावणी आवडते, पण वातानुकूलित नाट्यगृहात. निवेदिका पैठणी नेसून 'लोककलेचा समृद्ध वारसा' असं म्हणाली की आपण सहकुटुंब टाळ्या वाजवतो. तोच वारसा तंबूत उभा राहिला की आपण मफलर शोधतो. सिनेमात आला तर चालतो. १९७२ चा 'पिंजरा' पाहून रडली नाही अशी बाई आमच्या गल्लीत नव्हती; त्यातल्या मास्तरची बरबादी साऱ्यांना ठाऊक, पण आपल्या नांदेडचे मास्तर वहीत मार्क मांडतात हे सांगायची चोरी. विठाबाई नारायणगावकरांना १९५७ साली आणि पुन्हा १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला. खेळ चालू असताना आडोशाला बाळंत होऊन ही बाई पुन्हा बोर्डावर उभी राहिली, हे आपण मान हलवत एकमेकांना सांगतो. पण तिकीट काढून तंबूत बसलेला आपल्यातला एक दाखवा. आपल्या भाषेत तर 'तमाशा' ही शिवीच आहे. 'काय सवाई लावलाय पोरानं' असं कुणी म्हणतं का?

शिट्ट्या होतात. होतात की. आचरट बोलणं होतं, फेटे उडतात, बायाबापड्यांना घेऊन बसावं असं वातावरण नेहमी असतंच असं नाही. पण याला कारण फड आहे की आपण? आपण पुढच्या खुर्च्या रिकाम्या सोडल्या, त्यात जो येऊन बसला त्याच्या मर्जीचा खेळ झाला. तिकीट त्यानं काढलं होतं, मर्जी त्याचीच चालणार.

अलीकडं मी पुन्हा माळेगावला जाऊन आलो. गण झाला. गवळण दहा मिनिटांत उरकली. नंतर दीड-दोन तास सिनेमाची गाणी, झगमग दिव्यांत. वग सुरू होईतो घड्याळ पुढं गेलं. २००० सालच्या नियमांनी रात्री दहानंतर कर्णे बंद. सरकारनं ठरवून दिलेल्या काही दिवशी बारापर्यंत सवलत. ते योग्यच आहे, आजारी माणसानं झोपावं कधी? सवाईसुद्धा एकेकाळी पहाटेपर्यंत चालायचा, त्यालाही घड्याळ बघावं लागलं. पण सवाईवाल्यांनी दिवसा बैठकी घेतल्या, रसिकांनी रजा टाकल्या. वगासाठी रजा कोण टाकणार? राजा गादीवर बसतो न बसतो तोच प्रधानानं कट केला, पाचव्या मिनिटाला उघडकीला आला, आणि खेळ संपला. पहाटेपर्यंत पुरणारं राज्य अर्ध्या तासात बुडालं.

आणि याचा दोष त्या शिट्ट्या मारणाऱ्या पोरांना देऊन मी मोकळा होऊ शकत नाही. कारण मला आमच्या बँकेतली एक बैठक आठवते. कर्मचाऱ्यांच्या स्नेहसंमेलनाला यंदा काय ठेवायचं, यावर चर्चा. एका शिपायानं, अगदी मागून उठून, म्हटलं की एखादा फड बोलवा, वग ठेवा. साहेबांनी चष्म्यावरून सगळ्यांकडं पाहिलं. तेव्हा त्या खोलीत वगावर अधिकारानं बोलू शकणारा एकच माणूस होता, आणि तो उठलाही. "साहेब, कुटुंबं असतात. बरं दिसायचं नाही." ते वाक्य माझं होतं. शेवटी सिनेमाच्या गाण्यांचा ऑर्केस्ट्रा ठेवला. शिपाई खाली बसला. त्या शिपायाला मी त्याच डिसेंबरात माळेगावच्या तंबूत पाहिलं. त्यानंही मला पाहिलं. मी घोंगडं वर ओढलं.

हे सगळं मी त्या दिवशी बहिणीपुढं, मेहुण्यांपुढं बोललो. वकिली भाच्याची करायला बसलो होतो, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात स्वतःच जाऊन उभा राहिलो. मेहुणे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एकच म्हणाले, "दादा, ढोलकीला ९१ म्हणजे मास्तरांनी जरा हात सैल सोडला." मला माणूस एकदम आवडायला लागला.

आमची मंडळी मात्र अजून दारातच उभी होती.

"म्हणजे," ती म्हणाली, "बैल नव्हतेच?"

"बैल होते की. बाजारात."

"आणि आमचे दादा? पतपेढीची बैठक?"

मी कपाटातून वही काढून तिच्या हातात दिली. तिनं वडिलांचं अक्षर ओळखलं. पानं चाळली, मार्क वाचले, मधेच एकदा हसली. कोऱ्या रकान्याचं पान आलं तेव्हा 'हे का सोडलंय' म्हणाली, आणि मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तिनं वही परत दिली नाही. कुठं ठेवलीय, विचारलं तर सांगत नाही.

निघताना भाचा पायात बूट घालता घालता म्हणाला, "मामा, येत्या येळवशीला मी येतो. किती रात्री जायचं?"

बहिणीनं तोंड उघडलं होतं. पण त्याआधी आमचीच मंडळी म्हणाली, "बैल बघायला चार तरी लागतात. आणि यंदा मलाबी एखादा बघायचाय. घोंगडं नको, शाल घेते."